सप्रेम भेटीखालचा मॉडेल नंबर

आमच्या गावच्या वाचनालयातला टीव्ही दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभा असतो. लोखंडी चौकट, खाली चाके, वर चाळीस इंची टीव्ही. संध्याकाळी गरज पडली की तो फिरवायचा, काम झाले की पुन्हा वळवून ठेवायचा. पाऊस असला की गावातली मुले वाचनालयाच्या हॉलमध्येच क्रिकेट खेळतात आणि त्यांना कोणी अडवत नाही, म्हणून ही व्यवस्था. त्यामुळे आत येणाऱ्याला टीव्हीची पाठच दिसते आणि देणगीदाराचे नावही पाठीवरच लिहिलेले आहे.

दिलेल्या वस्तूवर नाव घालायची आमच्याकडे पद्धत आहे. शाळेतल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव असते, देवळातल्या सतरंजीच्या कोपऱ्यावर असते, स्मशानातल्या बाकावरही असते. पंखा फिरत असला की पात्यावरचे नाव वाचता येत नाही. वीज गेली की देणगीदार आठवतात, असे माझे वडील म्हणायचे.

टीव्हीवर त्यांचेच नाव आहे. ते गेल्यावर आईने तो वाचनालयाला दिला. पेंटरने आधी पांढऱ्या ऑइलपेंटचा हात मारला, तो वाळल्यावर लाल अक्षरे काढली. वर ‘कै.’ आणि नाव, खाली ‘यांच्या स्मरणार्थ वाचनालयास सप्रेम भेट’.

आमचे गाव कर्जत आणि चौक यांच्या मधे, मुख्य रस्त्यापासून थोडे आत आहे. वडील रसायनीतल्या एका कारखान्यात होते. तिथल्या कँटीनमधली आदल्या दिवशीची वर्तमानपत्रे रद्दीत जात, ती ते मागून आणत आणि गावातल्या एका पडवीत ठेवत. वाचनालय त्या शिळ्या पेपरांवर सुरू झाले. पडवीचा पुढे हॉल झाला. मी मुंबईतल्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक झाले, बरीच वर्षे इतरांच्या बातम्या तपासल्या आणि नोकरी संपल्यावर आईजवळ येऊन राहिले.

त्या वर्षी रस्त्याच्या कडेने फार्महाऊसचे प्लॉट पाडणाऱ्या एका बिल्डरने वाचनालयाला नवा टीव्ही देऊ केला. आमच्या टीव्हीपेक्षा बराच मोठा, इंटरनेट आतच असलेला. बदल्यात त्याला वाचनालयाची रस्त्याकडची भिंत हवी होती. तिच्यावर त्याच्या प्रकल्पाचा बोर्ड लागणार होता, खाली बारीक अक्षरात ‘सौजन्य’. शनिवार-रविवारी प्लॉट बघायला येणाऱ्या गाड्या त्या भिंतीसमोरच वळतात.

टीव्हीची गरज खरी होती. गावातली आणि वरच्या ठाकूरवाडीतली मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करत होती. अलिबागचे एक शिक्षक रोज संध्याकाळी इंटरनेटवर वर्ग घेत. वाडीत मोबाइलला रेंज नाही. ग्रामपंचायतीत मात्र इंटरनेटची जोडणी आलेली होती आणि तिथला वाय-फाय समोरच्या वाचनालयात चांगला पोचत होता. मुले एका मोबाइलभोवती डोकी एकत्र करून गणिते बघत. ग्रामपंचायतीतून रस्त्यावरून एक वायर आणून झाली होती. ती पेंढ्याने भरलेल्या टेंपोने पहिल्याच आठवड्यात ओढून नेली.

वाचनालय समितीचे अध्यक्ष आमच्या भाऊबंदांतले. नात्याने ते आईचे दीर लागतात. ते घरी येऊन पडवीत बसले आणि चहा घेता घेता म्हणाले, “वहिनी, पुढच्या रविवारी बैठक आहे. जुना टीव्ही इंटरनेटवर चालत नाही, तेव्हा तो आपण आत खोलीत ठेवू. नाव तसंच राहील.”

“आत खोलीत काय हाय?” आईने विचारले.

“मोडक्या खुर्च्या आहेत. आणि गणपतीचं डेकोरेशन.”

“मंग नाव कोन वाचील? उंदीर?”

ते हसले. मी विचारले, “चालत नाही, हे कोणी तपासलं?”

“तपासायचं काय त्यात? जुना आहे तो.”

“जुना आहे म्हणजे चालत नाही, असं होत नाही.”

“ताई, हा पेपर नाही तुझा. तूच चालवून दाखव रविवारपर्यंत. चाललं तर मी स्वतः त्या बिल्डरला नको म्हणून सांगतो.”

आईने कप उचलले. “भावोजी, त्यो टीव्ही देतोय का भिंत घेतोय, येवढं सांगा.”

त्यांनी चपला घातल्या. ते गेल्यावर आई मला म्हणाली, “ते वाचनालय यांनी शिळ्या पेपरावर उभं केलं. त्याच्या भिंतीवर मी प्लॉटची जाहिरात नाय लावू देनार. तू बघ गं कायतरी.”

प्रश्न एवढाच होता. रविवारपर्यंत टीव्ही इंटरनेटवर चालला तर तो आणि वडिलांचे नाव हॉलमध्ये राहणार होते. नाही चालला तर टीव्ही अडगळीत जाणार होता आणि भिंत बिल्डरची होणार होती.

दुसऱ्या दिवशी मी कर्जतच्या बाजारात एका दुकानात गेले. दुकानदाराने आधी टीव्हीच्या मागे लावायची काठी दाखवली, जी एचडीएमआयच्या खाचेत बसते आणि सगळे इंटरनेट आपल्याबरोबर आणते. आमच्या टीव्हीच्या त्या दोन्ही खाचा मागच्या वर्षी वीज पडली तेव्हा जळाल्या होत्या. केबलचा डबा तेव्हापासून लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या वायरींवर चालतो.

“मग वाय-फाय पकडणारा यूएसबीचा अ‍ॅडॅप्टर घ्या,” तो म्हणाला. “टीव्हीच्या मेनूत वायरलेस नेटवर्क लिहिलेलं आहे का?”

“आहे. आणि खाली, अ‍ॅडॅप्टर जोडा, असंही लिहिलेलं आहे.”

“झालं तर मग. हा घ्या. सगळ्याला चालतो.”

“आमच्या टीव्हीला?”

“सगळ्यात तुमचा टीव्ही आला ना, ताई? आणि खरं सांगू? नवीन घ्या. जुन्याला किती दिवस सलाईन लावणार?”

मी अ‍ॅडॅप्टर घेतला. नखाएवढी वस्तू होती. संध्याकाळी वाचनालयात टीव्ही फिरवला आणि ती यूएसबीच्या खाचेत बसवली. तिच्यावर निळा दिवा लागला. हॉलमध्ये बसलेल्या मुलांनी माना वर केल्या. मग पडद्यावर एक ओळ आली: हे उपकरण या टीव्हीशी जुळत नाही.

अध्यक्ष दारात उभे होते. “दिवा लागला की,” ते म्हणाले. “दिवाळीला उपयोग होईल.”

न जुळण्याचे कारण मला त्या रात्री वाचून कळले. संगणकाला असा कोणताही अ‍ॅडॅप्टर चालतो, कारण त्याला लागणारा प्रोग्राम संगणकात नंतर भरता येतो. टीव्हीत तो भरता येत नाही. टीव्ही बनवताना कंपनीने ज्या अ‍ॅडॅप्टरची ओळख आत घातली असेल, तेवढाच तो ओळखतो. दोन अ‍ॅडॅप्टर बाहेरून सारखे दिसले तरी उपयोग नसतो. म्हणजे आधी आपला टीव्ही नेमका कोणता, ते माहीत पाहिजे. दुकानदाराने मला ते विचारले नव्हते. विचारले असते तरी मला सांगता आले नसते.

कंपनीच्या मदत क्रमांकावर एक मुलगी बोलली. तिने पहिल्याच वाक्यात मॉडेल नंबर मागितला. मी मेनू उघडला. त्यात सॉफ्टवेअरचा क्रमांक होता, मॉडेलचा नव्हता. पावती सापडली. तिच्यावर दुकानदाराने लिहिले होते, ‘एलईडी टीव्ही ४० इंची, १ नग’. पडद्याच्या कोपऱ्यातले वीजबचतीच्या चांदण्यांचे लेबल, ज्यावर मॉडेल नंबरही असतो, मुलांनी केव्हाच सोलून काढले होते. खोके वाळवीने खाल्ले होते.

“मॅडम, टीव्हीच्या मागे स्टिकर असतो,” मुलगी म्हणाली.

मी टीव्ही भिंतीपासून ओढला आणि मागे बघितले. मागे वडिलांचे नाव होते.

मग बोटे फिरवली. नावाच्या पहिल्या अर्ध्या भागाखाली एक चौकोनी कड हाताला लागली. पेंटरने स्टिकरसकट पांढरा हात मारला होता. त्याला सपाट जागा हवी होती आणि स्टिकरची जागा सर्वांत सपाट होती. टीव्हीवर नाव घालताना त्याचा मॉडेल नंबर कोणी पुसणार नाही, असे वाटते खरे. आमच्याकडे तसे झाले, आणि त्यात कोणाला वावगे दिसले नाही, कारण टीव्ही कोणाचा हे महत्त्वाचे होते. कोणता, हे कोणी विचारणार नव्हते.

मी मुलीला पुन्हा फोन करते असे सांगितले आणि घरी जाऊन आईला परिस्थिती सांगितली. बातमी सांगावी तशी सांगितली: स्टिकर नावाखाली आहे, नाव खरवडल्याशिवाय नंबर दिसणार नाही, नंबर दिसला तरी अ‍ॅडॅप्टर मिळेलच असे नाही.

आई तांदूळ निवडत होती. तिने विचारले, “पुरं नाव जाईल?”

“अर्धं. आणि वरचं ‘कै.’”

“चल,” ती म्हणाली आणि सूप बाजूला ठेवले.

वाचनालयात तेव्हा अध्यक्ष आणि पेपर वाचणारे दोन म्हातारे होते. आईने खुर्ची ओढली, टीव्हीच्या पाठीसमोर बसली आणि अंगठ्याच्या नखाने पेंटची कड उचकटायला लागली. मी पट्टी पुढे केली, ती तिने घेतली नाही. धारेने खालची छपाई जाईल म्हणाली. नव्या भांड्यावरचे लेबल काढावे तसे तिचे काम चालले होते.

अध्यक्ष उठून जवळ आले. “वहिनी, स्वतःच्या हाताने नाव खरवडताय? लोक काय म्हणतील?”

“लोकांना सांगा, वहिनी खरवडतायत.”

“अहो, पण ते त्यांच्या स्मरणार्थ आहे.”

“माझ्या ध्यानात हायेत ते. त्यासाठी मला टीव्ही नाय लागत.” तिने नखातला पेंट पदराला पुसला. “टीव्ही राह्यला तर नाव पुना लिवता येईल, भावोजी. टीव्ही गेला तर कशावर लिवणार? तुमच्या मोडक्या खुर्चीवर?”

म्हाताऱ्यांपैकी एकजण पेपरामागून म्हणाला, “खुर्चीवर जागा नाय. तिथं माझ्या आज्याचं हाय.”

स्टिकरचा कागद गुळगुळीत होता. पेंटने तो धरलेला नव्हता. पापुद्रे निघत गेले. आधी पांढऱ्यात काळ्या रेघा दिसल्या, मग आकडे. मी ते मोठ्याने वाचले, पुन्हा वाचले, शेवटच्या अक्षरावर थांबले आणि मोबाइलच्या उजेडात तिसऱ्यांदा वाचले. वृत्तपत्रात नावे आणि आकडे दोनदा तपासतात. इथे नावाची किंमत देऊन आकडा मिळाला होता.

मदत क्रमांकावरच्या मुलीने नंबर ऐकून घेतला. तिने त्या टीव्हीला चालणाऱ्या अ‍ॅडॅप्टरचा क्रमांक सांगितला आणि लगेच म्हणाली, “पण मॅडम, तो आता बनत नाही. त्याऐवजी आमच्या नवीन टीव्हीवर सध्या ऑफर आहे.”

“मला अ‍ॅडॅप्टर हवा आहे.”

“मॅडम, तो टीव्ही खूप जुना झाला.”

“टीव्ही चालू आहे. बंद तुम्ही अ‍ॅडॅप्टर केला आहे.”

तिने आणखी काही मदत हवी का, असे विचारले. तिच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. तिला ते वाक्य दिलेले होते.

जी वस्तू बनत नाही, ती कुठे तरी पडून असते. मी कर्जत, चौक, खालापूर आणि खोपोली इथल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांना फोन केले. सगळीकडे एकच प्रश्न विचारला: याच कंपनीचा, काच फुटलेला टीव्ही तुमच्याकडे आहे का? काच फुटली की टीव्ही मेला, पण त्याच्या पाठीला लागलेला अ‍ॅडॅप्टर फुटत नाही. खोपोलीच्या एका दुकानदाराने “असंल, बघावं लागंल,” असे सांगितले. चौकहून मी एसटी धरली आणि खालापूर ओलांडून खोपोलीला उतरले.

दुकान अरुंद होते आणि भिंतीला टेकून टीव्हीच टीव्ही उभे होते, सगळे पाठमोरे. दुकानदार पांढऱ्या दाढीचे, मूळचे अलिबागकडचे. त्यांच्या आजोबांनी मासळीचा धंदा सोडून घाटाच्या पायथ्याशी घड्याळाचे दुकान काढले होते. कोकणी मुसलमानांची मराठी जशी असते तशी त्यांची मऊ मराठी होती.

“ताई, काही न्यायला आलेल्या तुम्ही पहिल्याच बघा,” ते म्हणाले. “लोक इथं टीव्ही टाकायला येतात, नाहीतर शिव्या द्यायला.”

“मी अर्धा टीव्ही घ्यायला आले आहे.”

“अर्धा कशाला? अख्खा न्या की. काच तेवढी आणा.”

त्यांनी एका डब्यातून दोन अ‍ॅडॅप्टर काढून काउंटरवर ठेवले. दोन्ही त्याच कंपनीचे, दोन्ही काळे, दोन्ही सारख्या लांबीचे. “यातला एक तुमचा. कुठला, ते अल्लाला माहीत. दोन्ही न्या, एक परत आणा.”

“एक परत आणायला पुन्हा एसटीने यावं लागेल.”

मी चष्मा पुसला आणि दोन्हीवरचे बारीक क्रमांक वाचले. आकडे तेच होते, फक्त शेवटचे अक्षर वेगळे होते. मुलीने सांगितलेला क्रमांक मी फोनवर तिच्याकडून दोनदा वदवून घेतला होता. त्याप्रमाणे डावीकडचा उचलला.

“नाही चालला तर?” त्यांनी विचारले.

“तर आमच्या गावच्या वाचनालयावर बिल्डरचा बोर्ड लागेल.”

त्यांना ते पहिल्यांदा कळले नाही. सांगितल्यावर त्यांनी उरलेला अ‍ॅडॅप्टर कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला. “हाही असू द्या. आमच्या मशिदीच्या कूलरवर पण असाच एक साहेब बसलाय. पाण्यापेक्षा नाव मोठं.”

रविवारी बैठकीला हॉल भरला. बिल्डरचा माणूस टेंपोतून नवा टीव्ही घेऊन आला होता. खोके त्याने दाराशी उभे केले, बोर्डही बरोबर आणला होता, फ्लेक्समध्ये गुंडाळलेला. तो भिंतीचे माप घेऊन आला आणि मागे बसला. वाडीतली मुले-मुली पुढे सतरंजीवर बसली होती, कारण त्यांच्या वर्गाची वेळ होत आली होती.

मी टीव्ही फिरवला, अ‍ॅडॅप्टर बसवला आणि रिमोटने वायरलेस नेटवर्क उघडले. निळा दिवा लागला नाही. या अ‍ॅडॅप्टरला दिवाच नव्हता. अध्यक्षांनी घड्याळ बघितले. पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहिले. मग ग्रामपंचायतीचे नाव आले आणि त्याच्याखाली पासवर्ड मागणारी चौकट. पासवर्ड अध्यक्षांनाच माहीत होता. ते तो एकेक अक्षर सांगत गेले आणि मी घातला. व्हिडिओच्या अ‍ॅपने आधी स्वतःला नवे करून घेतले, त्याला वेळ लागला. मग अलिबागचे शिक्षक फळ्यासमोर दिसले. काळ-काम-वेगाचे गणित चालू होते.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढे बसलेल्या मुलींनी वह्या उघडल्या.

“चाललं,” अध्यक्ष म्हणाले. ते सरळ माणूस आहेत, एवढे नोंदवले पाहिजे. पण ते पुढे म्हणाले, “मात्र नवा टीव्ही मोठा आहे. आलाच आहे दारात, तर दोन्ही ठेवू. यावर आता नावही पुरतं राहिलेलं नाही.”

आई उठली नाही. खुर्चीत बसूनच बोलली. “ठेवा की. देनाऱ्याचा हात कोन धरतोय? पन भिंतीला खिळा लागनार नाय. त्याला इचारा, बोर्डाबिगर देतोस का?”

सगळ्यांनी मागे बघितले. बिल्डरचा माणूस तरुण होता आणि सभ्य होता. “काकी, मला साहेबांना विचारावं लागेल,” तो म्हणाला आणि फोन घेऊन बाहेर गेला.

“गं बाय,” आई सतरंजीच्या मागच्या टोकाला बसलेल्या एका मुलीला म्हणाली, “तुला मागं बसून अक्षर दिसतंय का?”

मुलगी वाडीची. तिने वहीतून मान वर न काढता सांगितले, “दिसतंय काकी. पन तुमी बोललात की आयकू येत नाय.”

हॉल हसला. आईही हसली. बिल्डरचा माणूस परत आला. त्याने टेंपोवाल्याला खूण केली. खोके उचलले गेले, पाठोपाठ फ्लेक्समधला बोर्डही. टेंपो वळताना त्याच भिंतीसमोर वळला. अध्यक्षांनी ठराव सांगितला आणि चिटणीसाने लिहून घेतला: टीव्ही चालू असल्याने नव्याची आवश्यकता नाही.

नाव पुन्हा लिहायला तोच पेंटर आला. त्याने पांढऱ्याचा डबा उघडला तेव्हा आईने स्टिकरवर तळहात ठेवला.

“एवढं सोडून लिव.”

“काकी, मधीच सोडलं तर नाव तुटतंय. निम्मं हिकडं, निम्मं तिकडं. दिसायला बरं नाय.”

“तुटू दे. पुन्यांदा कोनाला नंबर लागला तर मी नसंन खरवडायला.”

त्याने उरलेला जुना रंग घासून काढला, चौकोनाभोवती खडूची रेघ मारली आणि कुरकुर करत लिहिले. आता वडिलांच्या नावाचा पहिला भाग डाव्या बाजूला आहे, आडनाव उजव्या बाजूला, आणि दोन्हींच्या मधे काळ्या आकड्यांचा मॉडेल नंबर. ‘कै.’ला जागा उरली नाही. पेंटरने विचारले तेव्हा आई म्हणाली, ते नसले तरी चालेल.